दोरीची लांबी

सोनल कुमरेनं पिशवीतून काढलं ते
काडीपेटीएवढं.
म्हणाली, काका, यात दिवा आहे.
मी फिरवून पाहिलं. दिवा कुठं दिसेना.
"दिसणारच नाही. तवा चुलीवरून उतरवला
की काळ्या लोखंडातून हाताला लागतो ना,
तसला उजेड."

मग नखानं दाखवली बाजूची जाळी,
मुंगी शिरेल न शिरेल एवढी.
एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला डोळा,
मधल्या बोळातून हवा जाते येते.
हवेत कोंदट वायू असला
तर तो उजेडातला नेमका एक रंग गिळतो,
बाकीच्यांना हात लावत नाही.
किती गिळला, ते डोळा मोजतो.
आकडा मोबाइलवर.

मला नवल वाटलं नाही.
आम्हीही दिवाच सोडायचो.

तीस वर्षं घाटंजीच्या अंगानं विहिरी उपसल्या.
चैतात गाळ काढायचा तर आधी कंदील खाली.
वात फडफडली, विझली,
की त्या दिवशी भाकर काठावरच खायची.
जळत राहिली, की उतरायचं.
फकिरा पेंदोर उतरला तेव्हा
कंदील जळत होता.
हे मी पोलिसांना सांगितलं, पाटलाला सांगितलं,
त्याच्या बायकोला सांगितलं, तिनं विचारलं नव्हतं तरी.
खरंच जळत होता.
दोरी पाच हात कमी होती,
ते कोणी विचारलं नाही.

आज शाळेमागची विहीर.
तळाशी पऱ्हाट्या, पाला, कुजून काळा झालेला.
उतरायला राळेगावचा पोरगा,
कमरेला दोर, कानात गाणं.

सोनल सुतळी सोडते, थांबते.
त्याला श्वास घ्यायला मिनिटभर लागतं म्हणे.
काठावर चारशे तीस.
पहिल्या कपारीला पाचशे.
कबुतरांच्या घरट्यापाशी नऊशे.
सुतळी संपली तिथं अकराशे.
"चालते काका. शाळेच्या बंद वर्गात याहून जास्त असते."
पोरगा उठला, गाठ ओढून पाहू लागला.

"सुतळी किती?"
"पन्नास फूट."
"अन् इहीर?"
तिनं मोबाइलकडं पाहिलं.
मोबाइलला ते ठाऊक नव्हतं.

मी डोक्याचा दुपट्टा सोडला,
सुतळीला बांधला, वर बादलीचा दोर.
गाठ दोनदा मारली.
हात हात खाली,
गाळाच्या वीतभर वर आणून धरला.

तीन हजार.
अकरा.
सव्वीस.
चाळीस हजारांवर आकडा थांबला
आणि तिथंच राहिला.
"कमी झाला नाही," सोनल हळूच म्हणाली,
"याच्यापुढं त्याला मोजताच येत नाही."

बांधावरून कडुनिंबाची फांदी आणली,
दोराला बांधून विहिरीत वरखाली, वरखाली,
जुनीच रीत, हवा ढवळायची.
पोरानं कानातलं काढून खिशात ठेवलं.
"किती झालं?"
"अडतीस."
कबुतरं उडून शाळेच्या पत्र्यावर बसली.
"आता?"
"अजून तेहतीस."

त्या दिवशी तळाशी किती असेल,
हे माझ्या ओठाशी आलं होतं.
सोनल आकड्याकडंच पाहत होती.
फांदीचा पाला गळून नुसत्या काड्या उरल्या,
पोरगा दुसरी तोडायला गेला.