शेऱ्यासाठी जागा

विसरवाडीच्या पुढे डांबर संपतं, तिथून
पेटी आम्ही दोघांनी उचलून नेली,
मी आणि सुकदेव ड्रायव्हर,
बांधावरून, एकामागे एक,
भरल्या कासंडीसारखी जपत.

तिपाई चिखलात रुतायची.
दर मिनिटाला बोटभर खाली.
दिवलीबाई गावित बघत उभ्या होत्या.
काही न बोलता गेल्या
आणि फुटक्या कौलाचे तीन तुकडे घेऊन आल्या.
तिन्ही पायांखाली एकेक.
नळीतला बुडबुडा मधोमध येऊन थांबला.
उपकरणांच्या यादीत कौलं नाहीत.

मी शिरपूरची. केळी-कापसात वाढलेली.
भात मला ताटात ओळखू येतो.
इथे नुसते आकडे:
लावणीपासून एकविसावा दिवस, सव्वीस सेंटिमीटर.

उपग्रह दर पाच दिवसांनी वरून जातो.
श्रावणभर त्याला ढगांची पाठच दिसली.
उघडीप झाली तेव्हाही, त्याचा एक ठिपका दहा मीटरचा
आणि बाईंचं खाचर सात मीटर रुंद.
म्हणजे त्यांचं भात, शेजारच्या मावच्यांचं भात,
मधला बांध, अर्धं मोहाचं झाड,
सगळं मिळून एकच हिरवा.
म्हणून मला पाठवलं, खालून बघायला.

लेझर फिरतो तेव्हा
दूरच्या घरात शिलाई मशीन चालावी तसा आवाज येतो.
सेकंदाला काही लाख ठिपके.
पात्याला लागून परत येतात,
नाकतोड्याला लागून परत येतात,
पाण्यात गेलेले येत नाहीत.
लॅपटॉपवर पाण्याच्या जागी काहीच नसतं.
सुकदेव म्हणाला,
"काय मोजी ऱ्हायनी ताई? भात काय पयी जाई का?"
पळतंच की, म्हटलं. आठवड्याला अकरा सेंटिमीटर.

सहाव्या आठवड्यात
ईशान्येचा कोपरा लाल आला.
बाकी खाचरापेक्षा वीतभर बुटका.
मी नत्राचा विचार केला, करप्याचा केला,
बाईंना बोलावून स्क्रीन दाखवली.
त्या वाकल्या,
विस्तवापासून राखतात तेवढं अंतर राखून.
"ते उशिरा लावलं," म्हणाल्या.
"इथवर आले आणि पोरीला कळा सुरू झाल्या.
खांडबाऱ्याला नेली. नऊ दिवस तिकडंच.
रोपांच्या मुठी तशाच पाण्यात पडलेल्या."

मी चित्र मोठं केलं.
उंच आणि बुटक्याची सीमा सरळ नव्हती.
शेवटची ओळ अर्ध्यात तुटलेली:
सात चूड उंच,
आठवा बुटका.
इथे बाईंनी कंबर सरळ केली होती.
इथे कुणीतरी बांधावरून हाक मारली होती.

तक्त्यात कारणाचा रकाना असतो.
पाणी, खत, कीड, इतर.
इतरवर खूण केली की पुढे
थोडीशी जागा मिळते, जेमतेम पाच अक्षरांची.
मी लिहिलं: बाळंतपण.

चार दिवसांनी धुळ्याहून फोन.
साहेबांनी विचारलं, ही कीड कोणती?
मी म्हटलं, कीड नाही सर.
मग खत?
नाही सर.
मग पलीकडे बराच वेळ कागद हलल्याचा आवाज.

कार्तिकात शेवटची फेरी.
लोंब्या वाकल्या की उंची कमी भरते,
यंत्राला वाटतं पीक खचलं;
ते सुधारायचं गणित आहे माझ्याकडे.
कोपरा अजून हिरवट होता.
बाकीचं कापून झालं, तो ठेवला,
त्याचे नऊ दिवस त्याला दिले.

मोहाच्या फांदीला झोळी.
बाईंनी ती थांबवली, आत हात घातला,
आणि कुणी विचारलं नसताना
वीत टाकत गेल्या टाचेपासून टाळूपर्यंत.
"तीन. आणि चार बोटं."
पोरगी झोपेतच पाय आखडून घेत होती,
म्हणून पुन्हा एकदा मोजलं. तेवढंच भरलं.

सुकदेवनं पेटी आवळली.
कौलाचे तुकडे काढायला गेले, तर
बाई म्हणाल्या, राहू दे,
पुढल्या साली परत चिखल असंलच.