पाराचिची

मनामाच्या मंडईत शुक्रवारी पहाटे
हवा ओल्या पंच्यासारखी तोंडावर बसते.
सिराजुलभाई पेटीवरचं गोणपाट बाजूला करतो
आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच विचारतो :
"आज खाना है, कि परसों?"

भाव नंतर.

पहिल्या वर्षी मला प्रश्नच कळला नव्हता.
आमच्याकडे वांगी निवडतात तशी मी
सगळ्यांत चकचकीत, सगळ्यांत हिरवी तीन निवडली
आणि त्याच रात्री चिरायला घेतली.
सुरी बीपाशी अडकली.
हार मानायची नाही म्हणून फोडणी दिली, हिंग-मोहरीची.
एवढी कडू भाजी
मी उपासाच्या पापाला भिऊनही कधी खाल्ली नव्हती.

दुसऱ्या खेपेला बाल्कनीत ठेवली. जुलै होता.
फळ पिकलं नाही, शिजलं.
तिसऱ्या खेपेला एसीखाली :
नऊ दिवस ते माझ्याकडे बघत होतं, मी त्याच्याकडे.
दहाव्या दिवशी रात्रपाळी करून आले, झोपले,
उठले तर काळं.
म्हणजे मधे कधीतरी ते पिकलं होतं.
माझ्या झोपेत.

हे सांगू कुणाला?
सावद्याच्या वखारीत वाढलेली मुलगी मी.
बाबांनी बत्तीस वर्षं केळी पिकवली :
घड रचायचे, कोपऱ्यात धुरी,
दाराच्या फटी मातीने लिंपायच्या.
तिसऱ्या पहाटे दार किलकिलं केलं, की नुसत्या वासावर सांगायचे,
हा माल भुसावळपर्यंतचा,
हा दिल्ली गाठेल.

शेवटी वान्जिरूनेच हाताला धरलं.
लॅबमध्ये ती माझ्या शेजारच्या यंत्रावर असते,
मुरांगाची, घरामागे अशी चार झाडं.
"पाराचिची," ती म्हणाली.
मला वाटलं, चिडवतेय.
मग कळलं, त्यांच्याकडे त्याला हेच नाव.

देठाचं बोंड नखाने उडव, म्हणाली.
खाली हिरवं दिसलं तर आजचं.
तपकिरी दिसलं तर तुला उशीर झाला.
निघालंच नाही, तर कागदात गुंडाळ
आणि सोबत एक केळं ठेव.

केळं!
मी रक्ताच्या नळ्या हातात धरून इतकी हसले
की सुपरवायझर डोकावून गेला.

"आणि हे झाडावर पिकत नाही, बरं का.
महिनोन्‌महिने लटकलेलं असतं, दगड.
तोडल्यानंतरच सुरू होतं."

यावर ती काही बोलली नाही. मीही नाही.
मग आम्ही पगाराच्या तारखेवर बोललो,
तिच्या गळक्या नळावर.

आता मी फळाला अंगठा लावत नाही.
ते बाबांचंच :
अंगठ्याने दाबशील तर अंगठ्याचाच डाग खाशील,
तळहाताने विचार.
सिराजुलभाईला सांगते, दोन आजची, दोन परवाची.
तो माझ्यासाठी खालच्या थरातून काढतो,
तिथे पेटी जरा उबदार असते म्हणतो. खरं-खोटं त्याचं तो जाणे.

काल बाबांना व्हिडिओवर दाखवलं.
चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पडद्याला नाक लावलं,
जसं काही वास येणार होता.
"गोड राह्यतं का?"
नाही.
"आंबट?"
नाही, बाबा.
"मंग पिकवायचं तरी कशासाठी?"

मी लिंबू पिळत होते. मीठ, हिरवी मिरची,
कालची भाकरी तव्यावर परत कडक केलेली.
सांगते म्हटलं, आधी खाऊ दे.
ते थांबले. फोन ठेवला नाही.
पडद्यावर नुसतं त्यांचं कपाळ आणि वरचा पंखा.

वान्जिरूचा अर्धा भाग बी तशीच ठेवून झाकला.
केळ्याशेजारी, अरबी वर्तमानपत्रात, अजून एक आहे.
रात्री कामावर निघताना हात लावून पाहिला :
किंचित.
उद्या नाही.