गंजी

जिनिंगात काट्याजवळ बसायची झिंगाबाई सहारे.
पगार झाडूचा, काम नाकाचं.
कापसाच्या गंजीत खोल कुठे
सरकीएवढी आग धुमसत असली
की धुराच्या आधी तिला कळे.
"उगोतीकडून खंदा. कमरेइतकं."
मुनीम हसला, एकदाच.

मग पोळ्याच्या सुमारास ताप आला
आणि वास गेले.
तेलघाणीपाशी उभी राहिली, करडई नाही.
वाळल्या मोहाची टोपली तोंडाशी धरली,
नुसती टोपली.

दिवाळीत परतले, पण चुकीचे :
चहा जळका, लुगडं जळकं,
नातवानं सोललेलं संत्रंही राख.
ओरडून तिनं दोन गंज्या फोडायला लावल्या.
पांढराशुभ्र कापूस. आत फक्त ऊब.

आता ती काही सांगत नाही.
पाळी सुटली की गंजीत
कोपरापर्यंत हात घालते,
थांबते,
दुसऱ्या हातानं नाक झाकते,
खोटं बोलणाऱ्या पोराचं तोंड दाबावं तसं.

काल मला जवळ बोलावलं :
"तू हुंगून पाह्य गा.
मले तं साराच जयका वास येते."
मी हुंगलं. कापूस. थोडं मशीनचं तेल.
त्यापलीकडे
काय हुंगायचं असतं
मला माहीत नव्हतं.