दर दोन तासांनी

प्रमाणपत्रावर लिहिलंय ऐंशी टक्के.
उरलेले वीस आईकडे आहेत, असं मी डॉक्टरांना म्हणालो.
ते हसले नाहीत. शिक्का मारला.

अकरा वर्षं झाली.
अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यात
पोटमाळ्यावरून सुताच्या गाठोड्यासकट खाली आलो.
गाठोड्याला काही झालं नाही.

तेव्हापासून आईची रातपाळी.
दहा, बारा, दोन, चार.
गजर लागत नाही तिला.
"अय्यो देवुडा" म्हणत गुडघ्यावर हात टेकून उठते,
एक हात माझ्या खांद्याखाली, एक कमरेखाली,
आणि धुतलेल्या ओल्या चादरींचा ढीग उचलावा
तशी मला वळवते.
पाठीमागं उशी. गुडघ्यांमध्ये टॉवेल,
दुय्यम मालातला, कडेला वीण चुकलेला.

एकदाच, तापात, ती चारपर्यंत झोपून राहिली.
माझ्या पाठीला रुपयाएवढी जखम झाली.
भरायला सात महिने लागले.
आईनं स्वतःला माफ करायला किती,
ते मी विचारलं नाही.

दिवसा सूप मांडीवर घेऊन उशाशी विड्या वळते.
बोटं विडीवर, डोळा माझ्या नळीच्या पिशवीवर.
सदुसष्ट संपलं तिला.
"माझ्यामागं कोण?" हा प्रश्न आमच्या घरी
नळाच्या पाण्यासारखा येतो,
चार-पाच दिवसांआड, रात्री-अपरात्री.
आला की दोघंही खुडबुडत उठतो,
आणि सकाळी त्याबद्दल बोलत नाही.

मागच्या वर्षी एक बाई आल्या, कागद घेऊन.
"काय गरज आहे? खुर्ची?"
खुर्च्या तीन आहेत, म्हणालो.
एकीच्या पाठीवर कुणा साहेबांचा वाढदिवस रंगवलाय.
दारातून एकही जात नाही.
माणूस पाहिजे, बाई. रात्रीचा.
ज्याला कूस बदलायला शिकवलंय,
ज्याला पगार मिळतो, आणि सुट्टीसुद्धा,
नाहीतर तोही आईच होऊन बसेल.
त्यांच्या कागदावर तसा रकाना नव्हता.
त्यांनी समासात लिहिलं, तिरकं, बारीक.

समासातून इरेश आला.
कुंभारीचा, चोवीस वर्षांचा, हात गार.
पहिल्या रात्री वाकला, थांबला,
म्हणाला, "कुठं धरू?"
अकरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.
उत्तर जुळवायला वेळ लागला.

मार्चपर्यंतच आहे तो. पुढचं मंजूर नाही.
बाई म्हणाल्या, अर्ज करत राहा.
करतोय. एका बोटानं, मोबाईलवर, रोज एक ओळ.

मग जानेवारीत आई सिरसिल्ल्याला गेली,
बहिणीच्या नातीच्या लग्नाला. दोन रात्री.
पातळाची घडी चार वेळा मोडली, चार वेळा घातली.
इरेशला कन्नडमध्ये सूचना, देवाला तेलुगूत,
मला मराठीत एवढंच : "त्याला त्रास देऊ नको."
रिक्षात बसली, उतरली,
माझी उशी सरकवली, परत बसली.

रात्री दोनला फोन.
"वळवलं का?"
"वळवलं."
"मग बरं."
"तू का जागी?"
मागं कुणीतरी भांडी घासत होतं, लग्नघर.
"अंग आपोआप उठतंय रे, काय करू?
डावी की उजवी?"
"डावी."
"म्हणजे भिंत. पोपडा दिसत असेल तुला."
"दिसतोय."
"मग मीपण डावीकडं होते," म्हणाली,
आणि फोन तसाच चालू राहिला,
बांगड्या वाजल्या, चटई करकरली.

चार वाजता इरेशनं मला उजवीकडं केलं.
उशी नीट बसली, टॉवेल नीट बसला.
फोन वाजला नाही.
मी वाट पाहत होतो, कबूल.
पाच मिनिटं. दहा.
मग इरेशला हळूच सांगितलं,
झोपली वाटतं.