डीपीचा सूर

मानवत रोडला उतरलो तेव्हा
ऑटोवाल्याच्या खिशात माझंच गाणं वाजलं.
त्यानं फोन उचलला, गाणं अर्ध्यात तुटलं.
बरं वाटलं.

त्या गाण्यानं काय दिलं नाही?
पुण्यात दोन फ्लॅट,
वीस हजार माणसांचं एकच तोंड.
वरातीत घोडं नाचलं त्याच्यावर,
निवडणुकीत दोन्ही बाजूंनी वाजलं,
आणि दर रात्री तिसऱ्या मिनिटाला
मी गुडघ्यांवर बसायचो,
कारण पहिल्या खेपेला चुकून घसरलो होतो.

मामाचं जिनिंग उन्हाळ्यात बंद असतं.
शंभरेक गठाणी विकायच्या राहिल्या होत्या,
त्या भिंतींना लावल्या.
कापूस आवाज पितो.
टाळी वाजवली तर हातातच राहते.
मुनाफनं माइक मांडले: एक गिटारला, एक खोलीला,
एक, का कोण जाणे, दाराबाहेर लिंबाखाली.
साधी लाकडी गिटार. अँप गाडीतून काढलाच नाही.

कंपनीचा फोन येतो, ड्रम्स कधी?
मी म्हणतो, बघू.
केरबा वॉचमन विचारतो,
"मोठ्यानं कामून वाजवत नाय?"
याला काय सांगू.
याच पत्र्याखाली पहिल्यांदा वाजवली होती,
चोवीस रेचे गरगरत असताना, नाकातोंडात सरकीची धूळ,
माझं मलाच ऐकू येईना
म्हणून ओरडायला शिकलो.
पुढं लोकांनी त्याचंच तिकीट काढलं.

आता रेचे गप्प. फाटकापाशी डीपी तेवढी
गुणगुणते रात्रंदिवस, एकाच सुरावर.
मुनाफ वैतागला, हिचा आवाज काही निघत नाही.
म्हटलं राहू दे,
आणि सहाही तारा केसभर चढवून
तिच्याशी जुळवल्या.
नऊ गाणी झाली तशी.

दहाव्याच्या मध्यात लाईट गेली.
पंखा थांबला. डीपी थांबली.
मुनाफचं मशीन बॅटरीवर, लाल ठिपका तेवढा जागा.
महिनाभर ज्या सुराला टेकून बसलो होतो
तो खालून निघून गेला,
आणि माझी खर्जाची तार एकटीच वाजत राहिली,
जराशी चढी,
जगातल्या कुठल्याच पेटीशी न जुळणारी.

थांबलो नाही. हळू केलं फक्त.

दारातून केरबा बोलला. तेही आलंय रेकॉर्डात,
लिंबाखालच्या माइकवर, अगदी स्वच्छ:
"झालं का हो भाचेबुवा,
का अजून हाय?"