आठवी ओळ

आमणापूरच्या डोहात मरळी किती, मगरी किती
कृष्णेलाही ठाऊक नसेल.
मी मोजते म्हणजे
जाळ्यात आलेलं मोजते, आणि न आलेल्याचा
अंदाज लिहिते शिसपेन्सिलीनं.

वहीत चौकोन आखलाय. सात ओळी, सात रकाने:
मरळ, चिलापी, वांब, ढोकरी, पाणमांजर, घोरपड, मगर.
कोण कुणामुळे घटतं तिथे वजा,
कुणाच्या जिवावर कोण वाढतं तिथे अधिक.
तिरक्या रेषेवर ज्याचं त्याच्याशीच वैर,
गर्दी झाली की मरळ मरळीलाच जड.
उरलेल्या घरांत शून्यं,
म्हणजे मला माहीत नाही ते सगळं.

‘मगर नि घोरपड, ह्यात काय न्हाय?’
केराप्पा भोई हसला. ‘मळईत जाऊन बघा.
एक घोरपड, एक रात, अख्खं घरटं.’
खोडलं एक शून्य.

रात्री संगणकावर रेघा चढतात, उतरतात,
मासे आधी, मगर मागून,
जत्रेतल्या पाळण्याच्या दोन डब्यांसारख्या.
एक आकडा जरासा हलवला
तर पाणमांजर अठराव्या वर्षी संपलं.
रक्त नाही, आवाज नाही,
रेघ खाली टेकली, एवढंच.

सकाळी घाटाखालच्या खडकावर
त्याची ताजी विष्ठा, आत चिलापीचे खवले
उन्हात चमकणारे.
मी फोटो काढला. कुणासाठी, कोण जाणे.

मगर मासे खाते, म्हणून तिथे वजा होता.
पण तिनं दोनदा जाळं फाडल्यापासून
केराप्पा करंजाच्या अंगाला होडी घालत नाही,
आणि तिथल्या मरळी
त्याच्या कोपरापर्यंत लांब झाल्यात.
तो हात आडवा धरून दाखवतो.
मग वजा की अधिक?
खोडरबरानं कागद विरला त्या घरात.

‘ह्या वहीत मी कुठल्या वळीला?’
तो होता, पण ओळीला नाही.
कोपऱ्यात एक न बदलणारा आकडा: पकड,
दर आठवड्याला इतकी.
सांगायला जीभ रेटेना.
आठवी ओळ ओढली, आठवा रकाना,
नाव लिहायला पेन्सिल टेकवली तर म्हणाला,
‘नाव नगं. होडी लिवा.
पोरगं पलूसला कारखान्यात लागलंय.’

लिहिली होडी.
तिचं तिरकं घर कोरं आहे अजून.
होडीला होडी जड होते का,
हे कसं काढायचं?
घाटावर तीनच उरल्यात,
त्यातली एक पालथी.