कोटाखालची

रात्री अडीचला ऐरोलीत कॉफी मशीनमधलं दूध संपतं.
तेवढ्यात डोनेगलहून फोन,
नूअला नावाच्या बाई: वाऱ्यानं भिंत पडली.

मी रकाने विचारत जाते.
उंची? छातीइतकी.
साहित्य? दगड. नुसता, चुन्याबिगर.
बांधकामाचं वर्ष?
त्या हसतात. लिही मुली, तुमच्या कंपनीच्या आधीचं.
रकाना चार आकडे मागतो.

पत्त्यापाशी थांबवतात मला.
डून, असं म्हण. ऊ लांबव.
डून म्हणजे कोट, गोल, मातीचा नाहीतर दगडाचा,
रात्री गुरं आत, लांडगा बाहेर.
राजेबिजे नंतर आले. आधी गुरं.
आता आत झुडपं आहेत. ती कुणी तोडत नाही.
का?
त्यावर बाई काहीच बोलत नाहीत.

आणि डोनेगल? परक्यांचा कोट.
समुद्रातून आले, नाव देऊन गेले,
आम्ही आपले इथंच.

मी म्यूट दाबते, हसू येतं म्हणून.
मी बेलापूरच्या किल्ले गावठाणातली.
आमचाही कोट परक्यांचा,
एकानं बांधला, दुसऱ्यानं घेतला, तिसऱ्यानं पाडला,
आम्ही खाडीत जाळी टाकत राहिलो
आणि किल्ला उरला बसच्या पाटीवर.

पलीकडे कुणीतरी घरात शिरतं. बाई ओरडतात,
डून अन् दोरस!
दार लाव गं, असं. शब्द तोच,
कोटालाही डून, लावण्यालाही डून.
दोरसमध्ये मला दार ऐकू येतं,
अगदी कडीसकट.

तुमच्यात काय म्हणतात?
कोट, मी म्हणते. गढी. तट.
कूसही सांगणार होते,
गावाची भिंत ती कूस, बाईच्या पोटातली तीही कूस,
पण मग कुसाबाहेर कोण राहायचं
तेही सांगावं लागलं असतं,
आणि कॉल सात मिनिटांच्या वर गेला होता.

पॉलिसीत कुंपण येत नाही, मॅडम.
असू दे, त्या म्हणतात, दगड कुठं गेलेत?
शनिवारी रचू.

सकाळी कंपनीची गाडी पामबीचला लागते.
खाडीकडच्या सेक्टरात टॉवरच्या गेटवर
माझे वडील, हिराजी मढवी, रात्रपाळीला असतात.
तिथं आमचं खाचर होतं.
सातबाऱ्यावर नुसता नंबर,
घरात नाव: कोटाखालची.
कोटाखालचीत पाणी शिरलं. कोटाखालचीची लावणी झाली.
बिल्डरनं दुसरं नाव ठेवलंय, पितळी अक्षरांत, इंग्रजी,
वडील ते कधी उच्चारत नाहीत.

फोन थरथरतो. त्यांचाच मेसेज,
पुतण्याकडून टाइप करायला शिकलेत:

कोटाखाली हाय. बदलीचा आला नाय.
डबा आन.